पिप्यातला सांबार का मरतो?

काकू, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी कपाशी, तूर, हरभरा सगळं पिकतं, पण सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन काड्यांसाठी आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते. म्हणून चैत्रात तेलाचे तीन पिपे आडवे कापून सहा केले, वावरातली चांगली काळी माती भरली आणि स्लॅबवर ठेवले. डब्यातले धने तीनदा टाकले. पहिल्या खेपेला पाच-सहा काड्या वर आल्या, त्याही फुलं धरून वाळल्या. बाजारातल्या जुडीचा पुदिना लावला, तो आठ दिवस टिकला. नर्सरीतून आणलेल्या गोडनिंबाची (कढीपत्त्याची) पानं कडेनं करपली. पाणी बोरचं, दोन वेळा देते. खालून वाहूनही जातं, तरी रोप सुकतं. सासूबाई म्हणतात, तुझ्या हाताला गुण नाही. मोबाईलवर बाया खिडकीत रोझमेरी लावतात आणि माझ्याकडे साधा सांबार येत नाही. चुकतं कुठं?
— एक सून, दर्यापूर तालुका

पोरी,

तुझं पत्र नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत आलं. उत्तर लिहायला बसले तेव्हा मृग लागून आठवडा झालाय. उशीर झाला खरा, पण तुझ्या कामाला हाच मोसम बरा आहे.

पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. पाणी खालून वाहून जातं, तरी रोप सुकतं. उत्तर तिथंच आहे. आता एक पिपा उचल आणि माती पिप्याच्या कडेला कशी बसली आहे ते बघ. बोटभर फट पडलेली दिसेल. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. वावरात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, तेच इथं होतं, फक्त भेग मधोमध न पडता पत्र्याला लागून पडते. तू तांब्या ओततेस, पाणी त्या फटीतून कडेकडेनं सरळ खाली जातं, भोकातून बाहेर येतं, आणि तुला वाटतं पोटभर पाणी झालं. मधला मातीचा गोळा कोरडाच. खात्री करायची तर पाणी दिल्यावर अर्ध्या तासानं खुरप्यानं मधोमध उकरून बघ. दोन इंचाखाली धूळ निघाली तर मला शिव्या देऊ नको, तुझ्या सासूबाईंना दाखव.

त्याच मातीत कपाशी छातीएवढी होते, मग पिप्यात काय झालं? वावरात त्या मातीला खोली असते, गांडुळं असतात, जुन्या मुळांच्या वाटा असतात. पऱ्हाटीचं मूळ हातभर खाली जाऊन ओल शोधतं. पिप्यात सगळा कारभार आठ इंचांत. तिथं नुसती काळी माती ओली असताना चिखल आणि वाळल्यावर वीट. हाताच्या गुणाचा यात काही संबंध नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, वर आणखी एक शहाणपण केलं: कपाशीला टाकून उरलेला युरिया पुदिन्याच्या घमेल्यात मूठभर टाकला. सकाळी टाकला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घमेलं उकळत्या पाण्यानं धुतल्यासारखं दिसत होतं.

तर माती बदल. एक घमेलं काळी माती, दोन घमेली शेणखत, एक घमेलं जाड रेती. शेणखत उकिरड्याच्या तळचं, वर्षभर कुजलेलं, हातात घेतलं तर शेणाचा वास न येणारं. ताजं शेण घातलंस तर ते डब्यात तापेल, मुळं भाजतील, शिवाय मुळं खाणारी हुमणी अळी लागेल. शेणखत कमी पडलं तर कुजलेलं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, चालतं, कडूनिंबाखालचा कुजका पाला तर फारच चांगला. रेती नुसती मूठभर घालून समाधान मानू नको. काळ्या मातीत थोडी रेती म्हणजे विटेचा मसालाच. घालायची तर मापानं घाल, नाहीतर शेणखतच वाढव. सगळं कोरडं असतानाच कालव, ढेकळं फोड, चाळणीतून काढ. मग मुठीत धरून ओलं करून दाब: मूठ उघडल्यावर लाडू राहिला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. लाडू फुटलाच नाही तर आणखी शेणखत.

पिप्याला भोकं कशी पाडलीस? बहुतेक जण पिपा पालथा घालून बाहेरून खिळा ठोकतात. मग पत्र्याचा ओठ आतल्या बाजूला उभा राहतो आणि त्याच्या उंचीएवढं पाणी तळाशी साचून राहतं. खिळा आतून बाहेर ठोक, आठ-दहा ठिकाणी. ओठ खाली गेला की पाणी थेंबभरही थांबत नाही. कापलेल्या कडा हातोडीनं आत दुमडून घे, नाहीतर मूठभर सांबार काढताना बोटं कापतील. पिपा जमिनीला टेकवू नको, दोन विटांवर ठेव.

आणि भांड्यांचं बोलतेय तर हे आधीच सांगते. तेलाचा पिपा, रंगाची बादली घासून, फुटका माठ, गळकं घमेलं, चुंगडी, काहीही घे. पण फवारणीच्या औषधाचा डबा किंवा कॅन, कितीही धुतला तरी, नाही म्हणजे नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, ते आपण इतक्यात विसरलो नसू. सांबार आपण कच्चा खातो. त्याचप्रमाणे वावरात तणनाशक मारलेला पंप धुऊन घरच्या रोपांवर पाणी शिंपडायला घ्यायचा नाही. तळाशी राहिलेल्या थेंबांनी पानं मुरडतात.

आता पाणी. तू दर्यापूर लिहिलंस म्हणून मला शंका आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय आणि दर्यापूर तालुका त्यात येतो. गोडनिंबाची पानं टोकाकडून आणि कडेनं करपणं ही खाऱ्या पाण्याची खूण. एक काम कर. दोन सारख्या थाळ्या घे, एकीत बोरचं पाणी, दुसरीत पावसाचं, आणि दोन्ही उन्हात वाळू दे. बोरच्या थाळीत पांढरी पापुद्री राहिली तर तीच पापुद्री तुझ्या पिप्यातही रोज बसते आहे. वावरात पावसाळा ती धुऊन नेतो, पिप्यात कोण नेणार? शिवाय अशा पाण्यानं माती चोपण होते, म्हणजे ओली असताना वरून पाणी झिरपतच नाही. त्यामुळे जुनी माती धुऊन वाचवण्याच्या भानगडीत पडू नको, आंब्याच्या आळ्यातही टाकू नको, रस्त्याच्या खड्ड्यात टाक.

मग कुठलं पाणी द्यायचं? आता पाऊस आहे, पन्हाळीखाली टाकी लाव. पहिल्या सरीचं पाणी जाऊ दे, कौलावरची-पत्र्यावरची घाण त्यात असते. त्यानंतरचं साठव. पुढं नळाचं गोडं पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, मीठ न घातलेलं भाजी उकडलेलं पाणी थंड करून. सहा पिप्यांना दिवसाला हंडाभर पुरतं, एवढं घरातून निघतं. मात्र घरी शुद्धीकरणाचं मशीन असेल तर त्याच्या बाजूच्या नळीतून जे पाणी वाया जातं ते झाडांना घालू नको. पाणी वाया जातं म्हणून जीव तुटतो हे मला माहीत आहे, पण मशीननं काढलेलं सगळं मीठ त्याच पाण्यात असतं. ते बोरच्या पाण्यापेक्षाही खारं. त्यानं ओसरी पूस.

किती द्यायचं, याला घड्याळ नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपस. ओल लागली तर आज राहू दे.

जागा स्लॅबवरून बदल. वैशाखात स्लॅब म्हणजे तवा, त्यावर पत्र्याचा पिपा म्हणजे भाकर. आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा त्या पिप्यातल्या मातीत तू हात घालून बघितलास का? घराच्या उगवतीच्या बाजूला, जिथं सकाळचं ऊन दहा-अकरापर्यंत येतं आणि मग भिंतीची सावली पडते, तिथं आण. कडूनिंबाची विरळ सावली असेल तर सोनंच. पावसाळ्यात फक्त वळचणीच्या धारेखाली ठेवू नको, त्या धारेनं बी उडून जातं. आणि शेळ्या, कोंबड्या! त्यांचा तू पत्रात उल्लेख केला नाहीस, पण खेड्यातलं घर म्हणजे त्या असणारच. कोंबडीला नुकतं बी पेरलेलं भुसभुशीत घमेलं म्हणजे आमंत्रण. पेरल्यावर वर बोराटीची फांदी आडवी ठेव. काटे तुझ्या हातालाही बोचतील, पण पीक राहील.

लावायचं काय, यात माझं मत थोडं आडमुठं आहे. नव्या माणसानं सांबारापासून सुरुवात करू नये. सगळे तिथूनच करतात, कारण रोज तोच लागतो, आणि सगळे तिथंच हात टेकतात. आधी ओव्याचं पान लाव. जाड, केसाळ पानांचं, भजी करतो ते. शेजारणीकडून वीतभर काडी तोडून आण, खालची पानं काढ, मातीत खोच, सावलीत ठेव. पावसाळ्यात ते मरायचं म्हटलं तरी मरत नाही. पंधरा दिवसांनी नवी पानं आली की तुझा आणि सासूबाईंचा दोघींचाही विश्वास बसेल. त्याला पाणी कमी द्यायचं, एवढंच.

मग पुदिना. बाजारच्या जुडीतून जाड, ताठ काड्या निवड. खालची पानं काढून चार-पाच काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या कर, पाणी रोज बदल. सात-आठ दिवसांत पांढरी मुळं दिसतील, मग लाव. थेट मातीतही लागतो, पण पेल्यात मुळं दिसतात तेव्हा जी मजा येते ती वेगळीच. पुदिना खोल जात नाही, आडवा पळतो, म्हणून त्याला पसरट घमेलं दे. त्याच्या घमेल्यात दुसरं काही लावू नको, तो राहू देणार नाही. माझा पुदिना गेली कितीतरी वर्षं रांजणाच्या बुडाशी आहे. रांजण पाझरतो, बुडाशी गारवा राहतो, पाणी भरताना दोन थेंब सांडतात आणि त्याला दुसरं काही लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात अंगणातलं सगळं वाळलं, तो तेवढा तरला. तुझ्या घरी रांजण किंवा माठ ठेवायची जागा असेल तर घमेलं तिथंच सरकव. मोरीच्या तोंडाशी मात्र नको, तिथं साबणाचं पाणी येतं.

आता सांबार. तुझे धने उगवले नाहीत याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्ही एकदम असतील. एक, माती तापलेली. सांबार हे थंडीचं पीक. चैत्र-वैशाखात आधी उगवत नाही, उगवला तर पानं धरण्याआधी फुलावर येतो, तुझ्या त्या पाच-सहा काड्यांसारखा. दोन, धने जुने. डब्यातला धना कधीचा आहे हे किराणावाल्यालाही माहीत नसतं. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेव, बारा-तेरा दिवसांत दहा तरी फुटले पाहिजेत. तीन, अख्खा धना पेरलास. एका धन्यात दोन बिया असतात, फोडून वेगळ्या करायच्या. फरशीवर पसरून चपलेच्या तळानं हलक्या हातानं रगड, दोन डाळी होतील. पीठ करू नको. मग रात्रभर पाण्यात, सकाळी सावलीत सुकवून पेर, अर्धा-पाऊण इंच खोल, वर चाळलेलं शेणखत. कृषी केंद्रातून पाकीट आणलंस आणि बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं दिसलं तर ते औषध लावलेलं असतं. ते रगडायचं असेल तर हातात पिशवी घाल, आणि उरलेलं मसाल्याच्या डब्याजवळ ठेवूसुद्धा नको.

पाणी तांब्यानं ओतू नको. बाटलीच्या झाकणाला सुईनं भोकं पाड आणि शिंपड. उगवायला आठ-दहा दिवस, कधी बारा. या काळात रोज उकरून बघणाऱ्या बाया मी पाहिल्यात. तू तशी नसशील असं धरून चालते.

पावसाळ्यात सांबार होतो, पण मोठ्या सरीनं झोपतो आणि बुडाशी सडतो. हौस असेल तर एकच पिपा ओसरीच्या कडेला करून बघ. खरा मोसम नवरात्रानंतर. तेव्हापासून माघापर्यंत दर पंधरा दिवसांनी एक पिपा पेर. एकदम सहा पेरलेस तर एकाच आठवड्यात सांबारवड्या करून घर कंटाळेल आणि पुढं महिनाभर पुन्हा बाजार. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढणीला येतो. मुळासकट उपटू नको, बाजारवाल्याला जुडी बांधायची असते म्हणून तो उपटतो. दोन बोटं बुडखा ठेवून कात्रीनं काप, आणखी दोनदा तरी फुटेल. आषाढात जुडीचा भाव विचारायची सोय नसते हे खरं, पण आषाढातला सांबार पिप्यात काढणं हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं काम आहे.

गोडनिंबाचं तू घाई करून बघितलंस. त्याला पिपा कापलेला नको, अख्खा उभा दे, नाहीतर रंगाची मोठी बादली. नर्सरीतलं रोप करपलं असलं तरी फेकू नको. खालच्या खोडावर नखानं ओरखडा मार, आत हिरवं दिसलं तर नव्या मातीत हलव, करपलेलं छाट आणि पावसाच्या पाण्यावर ठेव. नव्या पालवीला वेळ लागेल. पालवी पिवळी येऊन शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत संत्र्यालाही होते. त्याला आंबट ताक घालायची पद्धत सगळीकडे आहे. महिन्यातून एकदा पेलाभर ताक दहा पेले पाण्यात मिसळून घालायला माझी हरकत नाही, मीठ घातलेलं ताक मात्र नको. रोज ताक ओतलंस तर मुंग्या आणि वास, बाकी काही नाही. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं आणि ते दुसऱ्या दिवशी सरकलेलं असलं तर ती लिंबू-संत्र्यावरचीच अळी. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. हातानं वेच. औषध नको.

मावा आला तर आधी पाण्याचा जोराचा फवारा, पानं उलटी करून. त्यानं नाही गेला तर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांचा गर कुटून फडक्यात बांध, रात्रभर लिटरभर पाण्यात ठेव, सकाळी पिळून गाळ, संध्याकाळी फवार. निंबोळ्या आता पडायला लागतील, अंगणातूनच वेच, सावलीत वाळव. फवारल्यावर चार-पाच दिवस पानं तोडू नको, कडूपणा राहतो.

रोझमेरीचं म्हणशील तर तुझी इच्छा. आपल्या पावसाळ्यात ती बुडाशी सडते, आणि उगवलीच तर घालणार कशात, पाटोडीच्या रश्श्यात? तसलीच हौस असेल तर सब्जा टाक. फालुद्यात घालतो तोच. विलायती तुळस म्हणून मोबाईलवर जी दाखवतात ती त्याच जातीची. किराण्यातलं बी उगवतं, आताच्या पावसात टाकलंस तर पोळ्यापर्यंत हातभर होईल. कढीत पान टाकून बघ, मला आवडलं नाही, तुला आवडेल कदाचित.

आणखी एक. माघात शेवटच्या पिप्यातला सांबार कापू नको. त्याला फुलू दे. पांढरी फुलं आली की मधमाश्या येतात, मग हिरवे धने धरतात. ते दोन-चार चावून बघ, बाजारात तो वास मिळत नाही. दाणे पिवळट-तपकिरी झाले की झुपके कापून उलटे टांग, खाली कागद पसर. उन्हात नको. झडलेले धने सुती फडक्यात बांधून ओसरीच्या खुंटीला लटकव, मसाल्याच्या डब्यात टाकू नको, नाहीतर फोडणीत जातील. नवरात्रात तेच रगड.

— काकू